मदत हवी आहे: लेफ्ट एट्रियममधली (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातली) गाठ, मिक्झोमा (हृदयातली साधी, कर्करोग नसलेली गाठ) म्हणू की रक्ताची जुनी गुठळी?

पॅराफिन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लेफ्ट एट्रियममधून काढलेला नमुना आहे, 4.8 × 3.5 × 2.6 सेंमी. स्त्री, वय 52. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) देठ असलेली, फोसा ओव्हॅलिसपाशी (दोन एट्रियममधल्या पडद्यावरच्या खळगीपाशी) चिकटलेली, डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडताना) मायट्रल झडपेत उतरणारी गाठ. फॉर्मवर सर्जननी 'मिक्झोमा' लिहून पाठवलंय. कापल्यावर मात्र बराचसा भाग तांबूस-तपकिरी, ठिसूळ. मधेमधे करडे, चकचकीत, जेलीसारखे पट्टे. चार ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) घेतले. एच अँड ईवर (नेहमीच्या रंगावर) फायब्रिन (गुठळीतले धागे), जुना रक्तस्राव, हिमोसिडरिनने (जुन्या रक्तातल्या लोहाने) भरलेले मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) आणि फिकट मिक्सॉइड (जेलीसारख्या) भागात सुट्या सुट्या पेशी. अल्शियन ब्लू (जेलीसारखा पदार्थ निळा करणारा रंग) पॉझिटिव्ह, कॅलरेटिनिन (मिक्झोमाच्या पेशींत सापडणारं प्रोटीन) निगेटिव्ह. रिपोर्ट अडकलाय. नेमकं काय शोधू?

चाळीसएक्स

अल्शियन ब्लू आधी बाजूला ठेवा. संघटित होत असलेल्या गुठळीतही मिक्सॉइड पदार्थ साठतो आणि तोही निळाच होतो. निदान पेशींवर करायचं. मिक्झोमाची पेशी तारकाकृती किंवा लांबट, सायटोप्लाझम गुलाबी, केंद्रक लंबगोल. पण अशी पेशी एकटीदुकटी दिसली तर मॅक्रोफेज किंवा फायब्रोब्लास्टपासून वेगळी काढणं कठीण, त्यामुळे तिच्यामागे लागू नका. मांडणी शोधा: पेशींच्या लांब ओळी, आणि बारीक रक्तवाहिनीभोवती दोन-तीन थरांची कडी, कांद्याच्या चकतीसारखी. अशी दोन कडी सापडली की वाद मिटतो.

चार ब्लॉक फारच कमी. दर सेंटिमीटरला एक हा किमान हिशेब, आणि अशा रक्ताळलेल्या नमुन्यात जेलीसारखा दिसणारा भाग सगळाच घाला. लाल भागाचे दहा ब्लॉक केलेत तरी फायब्रिनच दिसणार. बुंध्याचा ब्लॉक घेतलाय का? देठाच्या कापलेल्या टोकाला शाई लावून, सेप्टमच्या (दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या) तुकड्यासकट उभा छेद हवा. मिक्झोमाच्या बुंध्याशी जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या असतात. गुठळी जिथे भिंतीला चिकटते तिथे पातळ केशवाहिन्यांचं ग्रॅन्युलेशन दिसतं.

आणि सर्जनना एक फोन करा. मायट्रल स्टेनोसिस (झडप अरुंद होणं) किंवा एट्रियल फिब्रिलेशन (एट्रियमची अनियमित थरथर) आहे का? लेफ्ट एट्रियममधली गुठळी बहुधा अशा हृदयात आणि बहुधा अपेंडेजमध्ये (एट्रियमच्या पिशवीसारख्या टोकात) बनते. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक झडपा अजून येतात, म्हणून हे विचारायलाच हवं. दोन्ही नसेल तर फोसा ओव्हॅलिसवर देठाने लोंबणारी गुठळी म्हणजे जरा नवलच.

मायक्रोटोम

कॅलरेटिनिन निगेटिव्हवर इतक्यात विश्वास ठेवू नका. आयएचसीच्या (अँटिबॉडीने प्रोटीन रंगवण्याच्या तपासणीच्या) स्लाइडवर मिक्सॉइड भाग शिल्लक आहे का, ते आधी बघा. जेलीसारखा टिश्यू अँटिजेन रिट्रीव्हलच्या (रंगवण्याआधी प्रोटीन उघडं करण्याच्या) उकळीत सुटून वाहून जातो, मागे फायब्रिन राहतं आणि आपण तेच 'निगेटिव्ह' म्हणून वाचतो. चार्ज्ड स्लाइड वापरा, सेक्शन 3 ते 4 मायक्रॉन, 60 अंशांवर किमान एक तास वाळवा. कंट्रोलला अपेंडिक्स बरं पडतं, त्यातले गँगलियन (चेतापेशींचे पुंजके) रंगलेच पाहिजेत.

उरलेला टिश्यू 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट, आधी 5 मिमीच्या चकत्या करून ठेवा. अख्खी गाठ बुडवली की आतला भाग कच्चा राहतो आणि ब्लॉक कापताना चुरा होतो. चाकूला कॅल्शियम करकरलं तर ईडीटीएत (कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या द्रावणात) मऊ करा, वेळ लागला तरी चालेल. कडक ॲसिडने आयएचसी आणि डीएनए दोन्ही हातचं जातं.

सीडी31 आणि सीडी34 (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे मार्कर) यांच्यावर पैसे घालवू नका. केशवाहिन्यांचं अस्तर दोन्हीकडे रंगतं, त्यातून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

पॅराफिन

खूप आभार! सायनस ऱ्हिदम (ठोके नियमित) आहे, मायट्रल झडप नॉर्मल. जेलीसारखा भाग सगळा घातला, एकूण 11 ब्लॉक झाले. सातव्यात आणि बुंध्याच्या ब्लॉकमध्ये कडी सापडली, तीही चांगली चार-पाच. कॅलरेटिनिन त्याच पेशींत केंद्रकासकट पॉझिटिव्ह, आतलं एंडोथेलियम (वाहिनीचं अस्तर) कोरं. पहिल्या स्लाइडवर मिक्सॉइड भाग खरंच उडालेला होता. आता दोन शंका: काही केंद्रकं मोठी आणि काळपट आहेत, घाबरायचं का? आणि पीआरकेएआर1ए (कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराशी जोडलेलं प्रोटीन) याची आयएचसी लावू का?

चाळीसएक्स

केंद्रकं मोठी पण पुसट, मायटोसिस (पेशीविभाजन) नाही, पेशींची दाटी नाही, तर तो ऱ्हास आहे, सोडून द्या. घाबरायचं ते वेगळ्या चित्राला: पेशी दाट, मायटोसिस सहज दिसणारे, गाठीतच नेक्रोसिस (मेलेला भाग), बूड सेप्टमऐवजी मागच्या भिंतीवर किंवा पल्मनरी व्हेनच्या तोंडाशी. इंटिमल सार्कोमा (एक कर्करोग) डाव्या बाजूला हुबेहूब मिक्झोमाचं सोंग घेतो. तसं असेल तर एमडीएम2 (त्या कर्करोगात वाढणारं प्रोटीन) आयएचसी आणि पाठोपाठ फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी). अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग) सहसा राइट एट्रियममध्ये. तिथे मात्र सीडी31 आणि ईआरजी (तसाच दुसरा मार्कर) कामाचे.

पीआरकेएआर1ए सरसकट लावू नका. कार्नी कॉम्प्लेक्समधल्या मिक्झोमात हे प्रोटीन हरवतं हे खरं, पण एकट्यादुकट्या मिक्झोमातही ते हरवलेलं सापडतं. नुसत्या त्या स्लाइडवरून घरच्यांना जनुकीय आजार सांगाल तर पंचाईत होईल. पेशंट तरुण, गाठी एकाहून जास्त किंवा सेप्टमबाहेर, पुन्हा उगवलेली, ओठांवर-पापण्यांवर तपकिरी ठिपके, घरात कुणाला असंच, यातलं काही असेल तर जेनेटिक सल्ल्याची ओळ लिहा. इथे 52 वय, एकच गाठ, नेहमीची जागा. गरज दिसत नाही.

मायक्रोटोम

रिपोर्टमध्ये बुंध्याच्या शाईपर्यंत पेशी पोचल्यात की नाही हे लिहा. अपुरं काढणं हे गाठ परत येण्याचं एक कारण आहे. पृष्ठभाग गुळगुळीत की झालरीसारखा, तेही लिहा, कारण झालरीवाल्या गाठीचे तुकडे सुटून मेंदूत किंवा पायाच्या धमनीत अडकतात. या पेशंटचा एम्बोलेक्टमीचा (धमनीत अडकलेला तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) नमुना आधी कधी 'थ्रॉम्बस' म्हणून गेला असेल तर ते ब्लॉक काढून पुन्हा कापा.