सांघिकपणा शिबिरात शिकवायचा की पार्किंगमध्ये?

अंगणवेडी: आमच्या सोसायटीत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'टीमवर्क' शिबिर निघालंय. ताई गट पाडणार, शिट्टी वाजवणार, शेवटी सगळ्यांना पदक. त्याच पार्किंगमध्ये ही पोरं रोज साखळी खेळतात. जो पकडला गेला तो हात धरून साखळीत येतो, आणि पुढच्याला पकडायचं ते टोकाच्या दोघांनीच. मध्येच कोणी हात सोडला तर पकडलेलं धरत नाहीत. काल मधली चिमुरडी ओरडत होती, "अरे, सगळे एकाच बाजूला पळा ना!" आता हिला शिबिरात काय शिकवणार?

धांदरट_बाबा: अंगणाचे फार गोडवे गाताय. मी जाडा होतो. चकताना मोठी पोरं हमखास लबाडी करायची आणि राज्य माझ्यावर. लगोरीत माझं काम एकच, गटारातून चेंडू काढणं. लक्ष ठेवायला मोठं माणूस हवंच.

बालवाडीताई: दोघंही वयाचं विसरताय. तीन वर्षांची मुलं बहुधा शेजारी-शेजारी खेळतात, एकत्र नाही. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली हे टिपलं होतं. मिळून खेळणं त्यानंतरचं. आणि मोठ्यांनी लक्ष घालायचं म्हणजे काय, तर आपण संगीत खुर्ची लावतो! जे बावरतं ते पहिल्यांदा बाहेर, मग बसून राहतं. आम्ही खुर्च्या कमी करतो, मुलं नाही. शेवटच्या खुर्चीवर सगळी एकमेकांच्या मांडीवर. नुसता धिंगाणा असतो, पण कोणी रडत नाही.

अंगणवेडी: बाबा, दादागिरी मान्य. पण 'कच्चं लिंबू' कोणत्या मोठ्यानं शोधलं? धाकटं भावंड आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, तरी खेळात असतं.

शेंडेफळ: मी होतो ना कच्चं लिंबू, तिसरीपर्यंत! कोणी मला पकडायलाच यायचं नाही. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहायचो.

धांदरट_बाबा: बघा! हीच तुमची सर्वसमावेशकता.

बालवाडीताई: शेंडेफळ, मग पक्कं कोणी केलं?

शेंडेफळ: लगोरीत आमचे सगळे आउट झाले, मी एकटा उरलो. शेवटची ठिकरी ठेवली आणि 'लगोरी!' ओरडलो. समोरचे म्हणाले, कच्चा आहे, धरायचं नाही. आमच्या गटानं अंधार पडेपर्यंत भांडून ती लगोरी धरायला लावली. दुसऱ्या दिवशी पहिलं राज्य माझ्यावर.