स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) आणि रेप्लिकेशन (ती दुसऱ्या मशीनवर पाठवणं): सगळ्या मशीनवर एकच टूल, का ज्या त्या ओएसचं वेगळं?

कृष्णाकाठचा_गडी
सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचं काम बघतो. यार्डात उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर, त्यावर सांबा शेअरमध्ये (विंडोजवरनं उघडता येणारं सामायिक फोल्डर) टॅलीचा डेटा, आणि मालकांच्या मिरजेच्या घरी फ्रीबीएसडीचा (लिनक्सहून वेगळी युनिक्स ओएस) बॉक्स, दोन्हीकडं झेडएफएस ही फाईलसिस्टम. माझं म्हणणं, दोन्हीकडं सॅनॉइड-सिंकॉइडच लावायचं, सॅनॉइड स्नॅपशॉट घेतं-काढतं, सिंकॉइड ते दुसरीकडं नेतं. 2020 ला ओपनझेडएफएस (झेडएफएसचा खुला प्रकल्प) 2.0 आलं तेव्हापासून लिनक्स आणि फ्रीबीएसडीचा कोड एकच झालाय, मग टूल वेगळी कशाला? कॉन्फिग फाईल तीच, फक्त लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरात असते आणि फ्रीबीएसडीवर यूएसआर-लोकल-ईटीसीत, उबंटूत पॅकेजबरोबर सिस्टमडी टायमर (ठरल्या वेळी काम चालवणारा) येतो, तिकडं त्याच कामासाठी क्रॉनमध्ये एक ओळ टाकायची, झालं. मिरजेत ऑटोस्नॅप नो, ऑटोप्रून यस, म्हणजे तिथं नवे स्नॅपशॉट घ्यायचे नाहीत, जुने तेवढे काढायचे. बोला आता.

अजिंक्यतारा_रूट
नाही पटलं भावा. झेडएफएसचं लायसन सीडीडीएल, ते लिनक्सच्या लायसनशी जुळत नाही, त्यामुळं ते कर्नलच्या (ओएसचा गाभा) बाहेरच राहणार. नवा कर्नल आला, डीकेएमएसनं (नव्या कर्नलसाठी बाहेरची मॉड्यूल परत बिल्ड करणारं टूल) मॉड्यूल बिल्ड झालं नाही की रीबूटनंतर झेडएफएसचा स्टोरेज पूल गायब, आणि सकाळी पेढी उघडल्यावर फोन तुलाच. बीटीआरएफएस ही फाईलसिस्टम 2009 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात तिच्यावर स्नॅपशॉट घ्यायला स्नॅपर आणि दुसरीकडं न्यायला बीटीआरबीके, कुठं काही बाहेरून आणायला लागत नाही.

कृष्णाकाठचा_गडी
अहो दादा, उबंटू म्हणलंय ना वर. 16.04 पासून मॉड्यूल तयारच येतंय, डीकेएमएसचा संबंध कुठं आला? आणि तुमच्या बीटीआरएफएस सेंडनं पाठवलेले स्नॅपशॉट फ्रीबीएसडीवर घेणार कोण? त्यातल्या रेड 5-6 चं (बऱ्याच डिस्क जोडायची पद्धत, तिथं अजून कच्ची) तर मी बोलतच नाही 😄

अजिंक्यतारा_रूट
मग दोन्ही लिनक्स करा की. फ्रीबीएसडीचा हट्ट कुणाचा? तू गावाला गेलास तर तो बॉक्स बघणारा माणूस सांगलीत शोधून दाखव.

क्रॉनवाले_काका
एवढं सॅनॉइडचं पर्ल भाषेतलं लटांबर कशाला पायजे पण? झेडएफएस स्नॅपशॉट, झेडएफएस सेंड, एसएसएचवरनं (सुरक्षित जोडणी) पलीकडं, तिथं रिसीव्ह. दहा ओळींची स्क्रिप्ट, कुठल्याबी युनिक्सवर चालती.

मिरज_जंक्शन
काका, चालती, बंद पडेपर्यंत. मिरजेत कुणी नुसती फाईल उघडून बघितली तरी एटाइम (फाईल शेवटची कधी उघडली ती वेळ) बदलतो आणि पुढचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग) घ्यायला रिसीव्ह नकार देतं, म्हणतं डेस्टिनेशन बदललंय. तिथं रीडओन्ली ऑन केलंय का तुमच्या स्क्रिप्टनं? आणि दोन्हीकडचा सामायिक स्नॅपशॉट कुणी उडवला तर सगळा डेटा पहिल्यापासून पाठवा, आपल्याकडच्या अपलोड स्पीडला बसा मग. यार्डातला उडाला पण त्याचा बुकमार्क (डेटा नसलेली नुसती खूण) ठेवला असला तर तेवढ्यावरनं पुढचा फरक पाठवता येतो. मध्येच लाईट गेली तर सिंकॉइड टोकन (कुठवर पोचलं त्याची खूण) घेऊन अर्ध्यातनं पुढं सुरू करतं, तुमची स्क्रिप्ट?

बाकी टूलवरनं भांडताय पण ढकलतंय कोण ते कुणी विचारलंच नाही. यार्डातल्या मशीनवर मिरजेची रूटची की (सगळे अधिकार देणारी किल्ली) ठेवली तर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) दोन्हीकडचं साफ करणार. मिरजेनं ओढून घ्यायचं, आणि यार्डातल्या त्या युजरला झेडएफएस अलाऊ कमांडनं लागेल तेवढीच परवानगी, डिस्ट्रॉय (उडवायची) अजिबात नाही. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45 असताना. एक कॉपी नदीपासनं लांबच्या गावाला पायजेच.

क्रॉनवाले_काका
टोकनचं मान्य, ते रिसीव्हला डॅश एस ऑप्शन लावून मी पण करीन. पण ओढायचं म्हणलं तरी स्क्रिप्टच ओढती की!

अजिंक्यतारा_रूट
ओढून घ्यायचं एकदम बरोबर, ते बीटीआरबीके पण करतं. फ्रीबीएसडीचं उत्तर अजून आलं नाही.

कृष्णाकाठचा_गडी
मालकांचा जुना बॉक्स हाय तो, काढायचा नाही म्हणालेत, विषय संपला. पेढीतल्या दिवाणजींना ओएसचं काय पडलंय, सांबाला शॅडो कॉपीचं मॉड्यूल लावलंय, फोल्डर उडाला की विंडोजमध्ये राईट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जनमधनं स्वतः काढून घेतात. उलटं ओढायचं मात्र आज रात्रीच करतो, जंक्शनराव, त्या परवानगीत सेंड आणि होल्ड (पाठवताना स्नॅपशॉट उडू नये म्हणून धरून ठेवणं) दोन्ही द्यायचे ना?

मिरज_जंक्शन
दोन्ही दे. आणि सिंकॉइड स्वतःचा स्नॅपशॉट घ्यायला बघतं, त्याला नो-सिंक-स्नॅप ऑप्शन लाव म्हणजे सॅनॉइडचेच वापरील.