मदत हवी आहे: रात्री घरात चोर शिरला तर बंदूक चालवता येते का?

मंडळी, कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सांगा. आईबाबा कुडाळजवळच्या गावी दोघंच असतात. वाडीतली निम्मी घरं मुंबईकरांची, गणपती-शिमग्याला उघडणारी. या पावसाळ्यात त्यातली दोन फुटली. एकात तर कौलं सरकवून उतरले. बाबांकडे शेती संरक्षण परवान्याची काडतुसाची बंदूक आहे. आजवर डुकरं-माकडं पिटाळण्यापलीकडे तिचं काम नव्हतं, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. आता ती माजघरातल्या खुंटीवरून उशाशी आली आहे. "घरात इलो तर सोडूचंय नाय," एवढंच म्हणतात. मला चोरापेक्षा याचीच धास्ती.

वाचलं ते असं: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुनं कलम १०३ आता ४१. सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी घरफोडी झाली तर बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. म्हणजे बाबांचंच खरं? पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. ११२ लावला तरी गाडी साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) अलीकडे थांबते, तो वेळ धरायचा का? आणि चोर खळ्यातलं सुपारीचं पोतं उचलून पळत असेल तर?

प्रतिसाद (फौजदारी वकिली करतो)
पोत्यासाठी गोळी नाही. खळं म्हणजे घर नव्हे, ती चोरी. त्यात जीव घ्यायचा हक्क तेव्हाच, जेव्हा मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असते. पाठ फिरवून पळणाऱ्यापासून ती कसली? पोतं सोडवायला अंगावर धावा, आरडाओरडा करा, तेवढा हक्क आहे. कौलं काढून उतरणं ही कायद्यानेही घरफोडी. उघड्या दारातून कुणी आत आला तर ते नुसतं गृह-अतिक्रमण, तिथे पुन्हा ती भीती दाखवावी लागते. घरफोडीतला हक्कही चोर घरात आहे तोवरच (कलम ४३).

साकवाचं म्हणाल तर कोर्ट परिस्थिती बघतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हल्ला होत असताना माणसाने तराजू घेऊन बचाव मोजावा ही अपेक्षा अवास्तव आहे. तरीही बचाव होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर, म्हणजे बाबांवर. संशयातीत नाही, पण शक्यतेचं पारडं झुकेल इतकं. सद्भावनेने मर्यादा ओलांडली तर खून नाही, सदोष मनुष्यवध. तुरुंग तोही आहेच.

धागाकर्ता
आभारी आहे दादा. परवान्यावर कारण 'शेती संरक्षण' लिहिलंय, घरात चालवली तर?

प्रतिसाद (तेच)
बचाव खरा असेल तर तेवढ्यावरून हक्क जात नाही, पण परवान्याच्या अटींचा वेगळा मुद्दा निघू शकतो. परवान्याचं पुस्तक घेऊन कुडाळातल्याच एखाद्या वकिलाकडे बाबांना स्वतः जाऊ द्या. तुमचं ते ऐकणार नाहीत. आणि रात्री काडतुसं बंदुकीत भरून ठेवत असतील तर ती आजच काढायला लावा. अंधारात बाहेर गेलेली आई परत येताना ओळखू येईलच असं नाही.