ॲनिमल हाऊसला नवीन पोरगा आलाय, रॅटला हात लावायला घाबरतो, कसं शिकवू?

फार्मसी कॉलेजचं ॲनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा, यंदा माझ्या गळ्यात पडलंय. जुने मामा रिटायर झाले, नवीन पोरगा कामाला वाघ आहे पण रॅट म्हटलं की जाड चामडी ग्लोव्हज चढवतो आणि शेपटीला धरून लटकवत उचलतो. परवा एक चावला, तेव्हापासून पिंजरे पण लांबूनच झाडतो. एसओपीची (काम कसं करायचं त्या नियमांची) फाइल दिली तर ती सगळी इंग्रजी, त्याला काय कप्पाळ कळणार. कुणी शिकवलंय का असं कुणाला?

जुना_अटेंडंट: जाड ग्लोव्हजमध्ये किती दाबतोय ते हाताला कळत नाही मॅडम, रॅट चावणारच. साधे पातळ ग्लोव्हज द्या. पहिले ४-५ दिवस उचलायचंच नाही, रोज ठराविक वेळी पिंजऱ्यात नुसता हात ठेवून बसायचं, तो येऊन हुंगतो, अंगावर चढतो, मग दोघांची भीती जाते. नंतर एक हात खांद्याच्या मागून छातीभोवती, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरायचं. माइसला (छोट्या उंदरांना) तर शेपटी नकोच, नळीत शिरू द्या नाहीतर ओंजळीत घ्या. २०१० साली लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हेच दाखवलं होतं, शेपटीने उचललेले माइस जास्त भेदरलेले राहतात.

भुसा_आणि_बाटली: +१. पण उचलण्याआधी बघायला शिकवा. आमच्याकडे एका सोमवारी एका पिंजऱ्याची बाटली भरलेलीच होती, पोराला वाटलं बरं झालं, भरायचं काम वाचलं. नोझल जाम झालेलं, दोन रॅट गेले. तेव्हापासून नियम, प्रत्येक नोझलला बोट लावून थेंब येतो का बघायचं, नुसती बाटली बघायची नाही. रॅटच्या डोळ्या-नाकाभोवती लाल दिसलं तर बहुतेक वेळा ते रक्त नसतं, पॉर्फिरिन (डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल रंग) असतं, पण जनावर ताणात किंवा आजारी असू शकतं, लगेच सांगायचं. केस फुलवून कोपऱ्यात कुबड काढून बसलेला माऊस पण तसाच. हे सगळं मराठीत वहीत लिहायला लावा, त्याच्याच अक्षरात.

व्हेटबाई: ससे असतील तर आधी ते शिकवा, मागचा भाग आधाराशिवाय लोंबला तर जोरात लाथ मारतो आणि स्वतःचाच मणका मोडून घेतो, डोळ्यांनी बघितलंय. आणि मास्क लावतो का तो? उंदरांच्या मुतातल्या प्रोटीनची ॲलर्जी वर्ष-दोन वर्षांनी उपटते, आज शिंका नाहीत म्हणून गाफील राहू नका. चावलंय तर साबणाने धुवून टीटीचं (धनुर्वाताच्या इंजेक्शनचं) डॉक्टरांना विचारलंत ना?

प्रश्नकर्ती: टीटी झालं. नळी कसली घ्यायची, पीव्हीसी पाइपचा तुकडा चालेल का? आणि खरं सांगू का, शेपटीने उचलायला त्याला मीच दाखवलं होतं, आम्हाला एमफार्मला तसंच शिकवलेलं.

जुना_अटेंडंट: चालेल, कडा घासून घ्या. उद्यापासून त्याच्याबरोबर तुम्हीपण हात ठेवून बसा मग 😄