मदत हवी आहे: सँडाउनची शनिवारची ३ मैलांची चेस, घोडा कसा निवडावा?

सर्बिटनकर (शुक्रवार, दुपारी १२:१०)

नमस्कार मंडळी. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकार्ड वाचता येतं, पण तिथे सगळ्या सपाट शर्यती. इथल्या, इंग्लंडातल्या, हिवाळी जम्प रेसिंगचं (अडथळ्यांवरून उड्या मारत धावण्याच्या शर्यतींचं) कार्ड मात्र डोक्यावरून जातं. उद्या सँडाउनच्या रेसकोर्सवर ३ मैलांची हँडिकॅप चेस आहे, म्हणजे मोठ्या अडथळ्यांची शर्यत, जिथे चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात. आज सकाळी १० वाजता नावं पक्की झाली, नऊ घोडे आहेत. त्यातले चार डोक्यात आहेत:

क्र. १: भाव ३/१ (१ लावला तर ३ नफा), फॉर्म (आधीच्या शर्यतींतले नंबर) ११२-१, रेटिंग (ठरवलेला दर्जा) १४२, वजन १२ स्टोन (१ स्टोन म्हणजे १४ पौंड). मागची शर्यत केम्प्टनला ६ लेंथनी (घोड्याच्या लांबीच्या ६ पट अंतराने) जिंकली, म्हणून रेटिंग ७ पौंडांनी वाढलंय.
क्र. ४: ४/१, फॉर्म ३२१-पी, रेटिंग १३५, वजन ११-७ (११ स्टोन ७ पौंड). नावापुढे श्वासाच्या शस्त्रक्रियेची खूण.
क्र. ६: ६/१, फॉर्म २एफ१-४, रेटिंग १३१, वजन ११-३. जॉकी वजनात ५ पौंड सूट घेणारा. 'सी' खूण आहे.
क्र. ८: १२/१, फॉर्म ५/४३-१, रेटिंग १२४, वजन १०-१०. मागचा विजय हेवी, म्हणजे पावसाने अगदी जड झालेल्या, जमिनीवर.

उरलेल्यांचे भाव ५/१, ८/१, १०/१, १६/१ आणि २५/१. जमिनीबद्दल चेस ट्रॅक गुड टू सॉफ्ट (जरा मऊ), हर्डल (छोट्या अडथळ्यांचा) ट्रॅक सॉफ्ट (मऊ) असं लिहिलंय. एकच ट्रॅक दोन प्रकारचा कसा? लावायचे आहेत एकूण १० पौंड. विन (सगळे जिंकण्यावर) लावू की ईच-वे (निम्मे जिंकण्यावर, निम्मे प्लेसवर, म्हणजे पहिल्या काहींत येण्यावर)?

फर्लांगभर (१२:५५)

ट्रॅक एक नाहीच. सँडाउनला हर्डलच्या शर्यती सपाट शर्यतींच्या ट्रॅकवर होतात, चेसचा ट्रॅक स्वतंत्र आहे. म्हणून जमिनीची नोंदही वेगळी. तुम्ही फक्त चेसची नोंद बघा. बरेच जण हर्डलची 'सॉफ्ट' वाचतात आणि चिखलातला घोडा लावून बसतात.

आता सँडाउन म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणा. उजव्या हाताचा ट्रॅक, एक फेरी साधारण १ मैल ५ फर्लांगांची. ३ मैलांत २२ फेन्स, म्हणजे उडी मारायचे अडथळे. मागच्या सरळ भागात रेल्वेलाइनच्या कडेने तीन फेन्स अगदी लागोपाठ येतात, त्यांना रेल्वे फेन्सेस म्हणतात. पहिल्या उडीत ताल बिघडला की सावरायला जागाच नसते, पुढच्या दोन्ही चुकतात. मग वळणावर पाँड फेन्स, शेवटून तिसरी. तिथून शेवटपर्यंत चढ. शेवटच्या उडीला पुढे असलेला घोडा चढावर थांबल्यासारखा होतो आणि मागचा गाठतो, हे इथे नेहमीचं.

म्हणजे तपासायचा क्रम असा: जमीन, मग उडी, मग चढाला पुरेल एवढा दम, आणि सगळ्यात शेवटी वजन. सपाट शर्यतीत आपण वजन आणि गेट नंबरपासून सुरू करतो. इथे गेट नाहीत, स्टार्ट टेपने होतो, त्यामुळे ड्रॉ (कुणाला कुठलं गेट) हा विषयच नाही.

फॉर्मच्या अक्षरांत 'एफ' म्हणजे पडला, 'यू' म्हणजे जॉकी पडला, 'पी' म्हणजे मध्येच थांबवला, 'बी' म्हणजे दुसऱ्याच्या पडण्याने पडला. 'बी'चा दोष घोड्याला देऊ नका. आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला, तिरकी रेघ म्हणजे मध्ये अख्खा सीझन गेला. सगळ्यात ताजी शर्यत उजवीकडे.

नुसत्या अक्षरांवर मात्र जाऊ नका. रेसिंग पोस्ट या शर्यतींच्या वृत्तपत्राच्या साइटवर प्रत्येक शर्यतीखाली एका ओळीची टिप्पणी असते. क्र. ६ चा 'एफ' कुठल्या फेन्सला आहे आणि क्र. ८ कसा उडतो, या दोन गोष्टी बघून इथे लिहा.

चिखलप्रेमी (१:२०)

मी क्र. ८ च्या बाजूने. वरच्या घोड्यापेक्षा १८ पौंड कमी, म्हणजे आपल्या हिशेबात ८ किलोंच्या वर. ३ मैलांना १ पौंड म्हणजे साधारण १ लेंथ धरतात. रात्री पाऊस झाला तर १२/१ हा भाव सकाळी दिसणार नाही.

आकडेमोड (१:४५)

चिखलप्रेमी, तो १८ लेंथचा फायदा नाही. हँडिकॅपरने (रेटिंग आणि वजन ठरवणाऱ्याने) तो घोडा तेवढाच कमी दर्जाचा मानलाय, म्हणून वजन कमी आहे. कागदावर दोघे बरोबरीत पोचायला हवेत. फायदा शोधायचा तो जिथे हँडिकॅपरला अजून कळलेलं नाही तिथे, किंवा जिथे वजन त्याच्या हिशेबाबाहेर कमी होतं तिथे.

यातलं दुसरं क्र. ६ ला लागू पडतं. ५ पौंडांची सूट म्हणजे तो कंडिशनल (शिकाऊ) जॉकी २० विजयांच्या पुढे गेलाय आणि ४० च्या आत आहे. घोड्याच्या पाठीवर ११-३ ऐवजी १०-१२. मोठ्या शर्यतींत ही सूट बऱ्याचदा मिळत नाही, पण कार्डावर छापलीय म्हणजे उद्या मिळतेय. मुलगा सरळ रेषेत घोडा आणणारा असेल तर हे ५ पौंड निव्वळ आपले.

क्र. १ ला ६ लेंथच्या विजयावर ७ पौंड, ठीकच आहे. पण केम्प्टन सपाट आणि वेगवान, सँडाउनचा शेवट चढाचा, आणि पाठीवर १२ स्टोन म्हणजे ७६ किलो. हरेलच असं नाही, पण ३/१ मध्ये मला तो नको.

आता भाव. प्रत्येक भावाची टक्केवारी काढा: १०० भागिले (भाव + १). ३/१ म्हणजे २५, ४/१ म्हणजे २०, ६/१ म्हणजे १४.३. तुमच्या नऊही भावांची बेरीज ११३.६ येते. वरचे १३.६ बुकीचे. म्हणजे तुमचा अंदाज बाजारापेक्षा थोडासाच बरा असेल तर पुरत नाही, चांगलाच बरा हवा. क्र. ६ पाचात एकदा जिंकेल असं वाटत असेल तर त्याचा योग्य भाव ४/१. मिळतोय ६/१. याला घेण्यासारखा भाव म्हणायचं.

सर्बिटनकर (३:०५)

टिप्पण्या वाचल्या. क्र. ६ शेवटून दुसऱ्या फेन्सला पडला, तेव्हा तो पुढे होता. क्र. ८ च्या दोन शर्यतींखाली 'डावीकडे सरकत उडी' असं आहे. दोन्ही ट्रॅक डाव्या हाताचे होते. याने फरक पडतो का?

फर्लांगभर (३:३०)

पडतो, आणि इथे सगळ्यात जास्त. डाव्या हाताच्या ट्रॅकवर डावीकडे सरकणारा घोडा आतल्या कठड्याकडे जातो, फारसं बिघडत नाही. सँडाउनला तोच घोडा प्रत्येक उडीला बाहेर जाईल. एका फेन्सला अर्धी लेंथ धरा: २२ फेन्सना ११ लेंथ. रेल्वे फेन्सेसना तर जॉकी त्याला सरळ करेपर्यंत पुढची फेन्स आलेली असते. क्र. ८ वर फुली.

क्र. ६ चा 'एफ' मला चालतो. शेवटी दमून झालेली चूक आणि सुरुवातीला न बघता मारलेली उडी यांत फरक आहे. शिवाय त्यानंतरच्याच शर्यतीत तो जिंकलाय, म्हणजे भीती बसलेली नाही. यंदाची पहिली शर्यत चौथ्या नंबरावर, ती अंग मोकळं करायला होती असं धरता येतं. आणि 'सी' म्हणजे याच कोर्सवर जिंकलेला.

क्र. ४ चं सांगायचं तर, ती शस्त्रक्रियेची खूण २०१८ पासून कार्डावर छापतात. थांबवला गेला तो श्वासामुळे असेल तर घोडा बदललेला दिसू शकतो. पण ते शर्यतीतच कळतं, आणि ४/१ मध्ये तो जुगार महाग आहे. १०/१ असता तर गोष्ट वेगळी.

चिखलप्रेमी (३:४०)

डावीकडे सरकतो हे पाहिलं नव्हतं. माघार. पण रात्री १० मिमीच्या वर पाऊस पडला तर क्र. १ चा वेग आणखी बोथट होईल, एवढं धरून ठेवा.

आकडेमोड (४:००)

विन की ईच-वे, ते राहिलं. हँडिकॅपमध्ये ८ ते ११ घोडे धावले तर पहिल्या तिघांना भावाचा पाचवा हिस्सा. ५ पौंड ईच-वे म्हणजे खिशातून १० जातात, हे पहिल्यांदा लावणारे विसरतात.

क्र. ६ वर ५ ईच-वे: जिंकला तर ४६ परत, नुसता प्लेस झाला तर ११. तेच १० सरळ विनवर: जिंकला तर ७० परत, नाहीतर शून्य. ५/१ ला ईच-वेमधून प्लेसचे बरोबर १० परत येतात, ४/१ ला ९. म्हणजे ५/१ च्या खाली ईच-वे लावण्यात अर्थ नाही. इथे एका पौंडाच्या नफ्यासाठी जिंकण्यातले २४ सोडायचे? मी विन लावेन.

दुसरी भानगड गळतीची. नऊपैकी दोन गळाले की सात उरतात आणि प्लेस दोनच मिळतात, भावाच्या चौथ्या हिश्शाने. तुम्ही भाव घेतल्यावर एखादा आवडता गळाला तर नफ्यातून रूल ४ ची कपात होते. ४/१ चा क्र. ४ निघाला तर पौंडामागे २० पेनी: ६० चा नफा ४८ होईल. यात बुकी लबाडी करत नाही, नियमच तसा आहे.

सर्बिटनकर (४:२०)

मग क्र. ६ विन. आत्ताच लावू की उद्या?

आकडेमोड (४:३५)

उद्या सकाळी. घेतलेल्या भावापेक्षा शर्यत सुटतानाचा भाव मोठा निघाला तर मोठा भाव देण्याची सवलत बऱ्याच बुकींकडे शर्यतीच्या दिवशीच लागू होते. ५/१ च्या खाली गेला तर सोडून द्या, कार्डावर दुसऱ्या शर्यती आहेत.

फर्लांगभर (४:५०)

आणि सकाळी तीन गोष्टी बघा: गळालेले घोडे, चेस ट्रॅकची ताजी नोंद, आणि जॉकी तोच आहे का. जॉकी बदलला आणि नवा सूट न घेणारा असला तर ते ५ पौंड गेले, पुन्हा ११-३. दव गोठलं असेल तर सकाळी पाहणी होते. शर्यत रद्द झाली तर पैसे परत.

अजून एक, याकडे कुणी बघत नाही. डिसेंबरच्या दुपारी ऊन तिरपं असतं. घोड्यांच्या डोळ्यांवर सूर्य येत असेल तर सरळ भागातल्या फेन्स वगळतात आणि घोडे बाजूने जातात. कच्च्या उडीचा पण वेगवान घोडा असला तर त्याची चांदी. उद्या आभाळ स्वच्छ राहिलं आणि शर्यत तीनच्या आसपास असली तर क्र. १ ला त्याचा फायदा होईल. तशी घोषणा झाली तर क्र. ६ चा माझा आग्रह राहणार नाही.

सर्बिटनकर (५:०५)

शर्यत ३:००ची आहे. अंदाज ढगाळ, रात्री ४ मिमी पाऊस. सकाळी भाव बघून इथे लिहितो.