हीट पंप आणि गरम पाण्याच्या टाकीची पाइप जोडणी: खारपाणपट्ट्यात काय वापरावं?

दर्यापूरकर:
दर्यापूर तालुक्यात गावातल्या घरी हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन) बसवतोय. मशीन 4 किलोवॅट उष्णतेचं, पाणी फिरवणारा पंप आतच आहे. सोबत 200 लिटरची वेगळी टाकी, आतून 304 स्टील. मशीन मागच्या अंगणात, टाकी न्हाणीच्या भिंतीला. मधे 10 मीटर अंतर. पाणी स्लॅबवरच्या टाकीतून उताराने येईल, प्रेशर पंप नाही. नळ दिवसाआड येतो, बोअर खारा आहे. प्लंबर म्हणतो, अर्धा इंची यूपीव्हीसी (थंड पाण्याचा साधा प्लास्टिक पाइप) पुरे. पाइप कोणता, किती इंची आणि व्हॉल्व्ह कुठे टाकू?

पाइपवाला_अमरावती:
भाऊ, यूपीव्हीसी गरम लाइनला अजिबात नको. 45 अंशांनाच त्याची दाब झेलायची ताकद निम्म्यावर येते, 60 ला तो मऊ पडून क्लॅम्पच्या मधे झोळतो. सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप), एसडीआर 11 (बाहेरचा व्यास जाडीच्या 11 पट) घ्या. तो 82 अंशांना सुमारे 7 किलो दाब घेतो.

मापाचं गणित सोपं आहे. 4 किलोवॅट उष्णता 5 अंशांच्या फरकाने उचलायची तर मिनिटाला साडेअकरा लिटर पाणी फिरायला हवं. जाऊन-येऊन 20 मीटर पाइप होतो. एवढं पाणी अर्धा इंचीतून ढकलताना पाच मीटरच्या आसपास हेड (पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) नुसत्या घर्षणात जातो, एल्बो वेगळेच. मग मशीन फ्लो एरर देऊन बंद पडतं, नाहीतर गॅसचा दाब चढून ट्रिप होतं, आणि सगळे मशीनलाच दोष देतात. पाऊण इंचीत तोच हेड पाऊण मीटरच्या जवळपास, एक इंचीत पाव मीटर. एक इंचीच टाका, खर्चात फार फरक पडत नाही.

सीपीव्हीसी तापला की लांबतो: 10 मीटरला 40 अंशांच्या फरकाने अडीच सेंटीमीटर. दोन्ही टोकं जखडली तर एल्बोचा जोड उकलतो. मधे एक यू-वळण द्या आणि क्लॅम्प पाइप सरकेल इतपत सैल ठेवा. उन्हाळ्यात जोडकाम सकाळी उरका. दुपारच्या 45 अंशांत सोल्यूशन (जोड चिकटवायचा द्रव) पाइप आत जायच्या आधीच सुकतं. जोड वरून पक्का दिसतो, आत कोरडा राहतो.

टाकी_जोडणी:
वरचं बरोबर आहे. आता टाकीकडचं सांगतो.

टाकीच्या तळातून निघालेली लाइन मशीनच्या 'इन'ला, आणि 'आउट' टाकीच्या वरच्या अर्ध्यात. उलटं केलं तर गरम-थंड थर ढवळले जातात आणि वापराला कोमट पाणी येतं. 'इन'च्या आधी वाय-स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), बाण प्रवाहाच्या दिशेने, झाकण खाली. म्हणजे गाळ झाकणात बसतो. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह, नाहीतर जाळी धुवायला अख्खी टाकी रिकामी करावी लागेल. मशीनला दोन्हीकडे युनियन (पाइप न कापता सुटणारा जोड) आणि फूट-दीड फूट जाळीदार लवचिक होज द्या. कॉम्प्रेसरची थरथर थेट सीपीव्हीसीत गेली की पितळी आट्याजवळ तडा जातो. ते आटे टेफ्लॉन लावून हाताने घट्ट करा, वर पान्याने एक फेरा. त्याहून जास्त नको.

स्लॅबवरच्या टाकीपासून गरम टाकीच्या तळापर्यंत थंड पाण्याची लाइन स्वतंत्र आणा. तिच्यावर खालचे नळ जोडले तर वरची टाकी संपल्यावर गरम पाणी उलटं त्या नळांतून येतं, आणि भांडी घासणाऱ्याचा हात भाजतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हेंट, म्हणजे फुगलेलं पाणी आणि हवा निघायचा उघडा पाइप. टाकीच्या माथ्यावरून टी काढून पाइप सरळ वर न्या, स्लॅबवरच्या पाण्याच्या पातळीहून दीड फूट उंच, तोंड खाली वळवलेलं. त्यावर व्हॉल्व्ह कधीच नाही. 200 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की सुमारे 3 लिटर फुगतं, त्याला वाट हवीच. हवाही तिथूनच निघते.

खारपाणी_अकोला:
दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, त्यामुळे पाइपापेक्षा पाण्याची निवड आधी करा. बोअरचं पाणी या टाकीत घालू नका. त्यातल्या क्लोराइडने 304 स्टीलला गरम अवस्थेत बारीक खड्डे पडतात, आणि पहिली गळती बहुधा वेल्डिंगच्या शिवणीवर दिसते. नळाच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवा आणि हीट पंपाची लाइन तिच्यातूनच घ्या.

तापमान 50 ते 55 वर ठेवा. त्यापुढे क्षारांची खर झपाट्याने धरते आणि विजेचे युनिटही जास्त जळतात. आठवड्यातून एकदा 60 पर्यंत नेलं की जंतूंचा प्रश्न मिटतो.

दर्यापूरकर:
मग न्हाणीतल्या मिक्सरला थंड बाजूने बोअरचं पाणी दिलं तर चालेल का? नळाचं पाणी वाचेल.

टाकी_जोडणी:
नको. मिक्सरमध्ये दोन्ही लाइनी एकमेकींना मिळतात. बोअरची टाकी फूटभर जरी उंच असली, तरी अर्धवट उघड्या मिक्सरमधून खारं पाणी गरम टाकीत शिरतं. नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकला तर उताराच्या तुटपुंज्या दाबात धार आणखी बारीक होते. मिक्सरची दोन्ही तोंडं नळाच्याच टाकीवर ठेवा. बोअरला बादलीसाठी वेगळा नळ काढा.

पाइपवाला_अमरावती:
चालू करण्याआधी जोड 24 तास सुकू द्या. मग टाकीचे व्हॉल्व्ह बंद करून फक्त लाइन हातपंपाने थंड पाण्यावर तपासा. टाकी त्या दाबात घेऊ नका. गळती नसेल तरच उष्णता टिकवायला पाइपवर 13 मिलिमीटरचं नायट्राइल रबराचं आवरण चढवा. अंगणातल्या भागावर वरून ॲल्युमिनियम पत्रा किंवा फॉइल टेप हवीच, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात रबर भेगाळून भुगा होतं. मशीनखालचं निथळणारं पाणी झाडाकडे वळवा. पावसाळ्यात ते जास्त येतं, ती गळती नव्हे.