मदत हवी आहे: भावासाठी दाता मी आहे, पण पेशी रक्तातून द्यायच्या की बोन मॅरोतून?

मंडळी, डोकं पार भंजाळलंय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

धाकटा भाऊ, वय 23. अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे हाडांतला मगज (बोन मॅरो) पुरेसं रक्तच तयार करत नाही. आता रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं (स्टेम सेल) प्रत्यारोपण करायचंय. निदान होईपर्यंत दोन महिने आम्ही हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दातांच्या डॉक्टरकडे सिंहगड रोडवरून फेऱ्या मारत होतो! माझं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळलं. सख्ख्या भावंडांत चारात एक अशी शक्यता असते म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी घरात पेढे आले. रक्तगट मात्र वेगळे, त्याचा बी, माझा ओ. त्याने अडत नाही म्हणे.

अडलंय ते पुढे. आमचे डॉक्टर म्हणतात, बोन मॅरोच घेऊ. सेकंड ओपिनियनला गेलो, तर ते म्हणाले पेरिफेरल ब्लड, म्हणजे शिरेतल्या रक्तातून. आईच्या मनात 'पाठीच्या कण्यात सुई' बसलीय, तिला रक्तातूनच हवंय. सदाशिव पेठेतल्या मामांचं मत, "हल्ली मॅरो कोण काढतं?" (मामा बँकेतून निवृत्त झालेत.) मी चाकणला शिफ्टमध्ये काम करतो, किती रजा टाकू तेही कळेना.

– चाकणवाला

--

मी बहिणीला रक्तातून दिल्या होत्या. पाच दिवस जी-सीएसएफची (पेशी मॅरोतून रक्तात उतरवणारं औषध) इंजेक्शनं. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्यांची हाडं अशी ठणकली की तापच आलाय वाटावं. पॅरासिटामॉलवर निभावलं. मग मशीनला जोडून चार-पाच तास पडून राहायचं, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून परत आत. दोन दिवसांत कामावर हजर. पण तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता हो, तुमचं प्रकरण वेगळं.

– मुठाकाठची

--

वेगळं आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. मी रक्तपेढीत काम करतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

रक्तातून गोळा केलेल्या पेशींसोबत दात्याच्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कितीतरी जास्त जातात. पेशी लवकर रुजतात, पण त्या टी पेशी पुढे रुग्णाच्या त्वचेवर, डोळ्यांवर, यकृतावर उलटू शकतात. हीच ती जीव्हीएचडी. रक्ताच्या कर्करोगात याचा थोडा फायदाही असतो, कारण त्याच पेशी उरलेला कर्करोग मारतात. तुमच्या भावाला मारायला कर्करोगच नाही, म्हणजे नुसता त्रास. म्हणून जुळणारं भावंड असेल तर या आजारात मॅरोला पहिली पसंती देतात.

2012 मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 551 रुग्ण, दाते नात्याबाहेरचे. दीर्घकालीन जीव्हीएचडी रक्तवाल्यांत 53 टक्के, मॅरोवाल्यांत 41. उलट पेशी न रुजण्याचं प्रमाण मॅरोत 9 टक्के, रक्तात 3. जगण्यात ठळक फरक नाही. पण ते रुग्ण रक्ताच्या कर्करोगाचे होते, आकडे जसेच्या तसे भावाला लावू नका.

दुसरे डॉक्टरही उगाच बोलले नसणार. आपल्याकडे बरेच रुग्ण पुष्कळ रक्त चढवून, इन्फेक्शन घेऊन उशिरा पोचतात. अशांत पेशी नाकारल्या जाण्याची धास्ती जास्त, लवकर रुजणं महत्त्वाचं, म्हणून रक्ताकडे कल. तेव्हा दोघांनाही एकच विचारा: आजवर किती पिशव्या चढल्या, आणि सध्या इन्फेक्शन आहे का, हे धरून मत काय?

आईंना सांगा, कण्याला कुणी हात लावत नाही. पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने मॅरो ओढतात. आठवडाभर बसता-उठता दुखेल, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील.

आणि हो, प्रत्यारोपणाआधी त्याला घरच्या कुणाचंही रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. तुमचं तर नाहीच. त्याने तुमच्या पेशी नाकारल्या जाण्याची धास्ती वाढते.

– पेढीवाला

--

पेढीवाले, शेवटचं वाचून पोटात गोळा आला. गेल्याच आठवड्यात मामा प्लेटलेट द्यायला तयार होते, त्यांना आत्ताच फोन करतो. पिशव्या मोजल्या, 14 झाल्यात. इन्फेक्शन सध्या नाही. मंगळवारी दोन्ही डॉक्टरांकडे जातोय. मॅरो दिल्यावर उभ्याने शिफ्ट करायला किती दिवसांनी जमतं, हे कुणी सांगेल का?

– चाकणवाला